आज बाजार का पडला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थी घरी आला होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावाहून कॉलेजला जायला एसटीने तासभर लागतो आणि यायला तेवढाच. हा वेळ तो कानात बोंडे घालून पॉडकास्ट ऐकण्यात घालवतो. सकाळी शेअर बाजाराचा कार्यक्रम, परतताना कधी तंत्रज्ञानाचा, कधी जगाच्या राजकारणाचा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे व्याजदर, खनिज तेलाचे भाव, तैवानमध्ये तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप याविषयी तो इतक्या सहजतेने बोलत होता की मला कौतुक वाटले. शाळेत असताना भूगोलाच्या तासाला हाच मुलगा खिडकीबाहेर बघत बसायचा.

निघताना चपला घालता घालता त्याने हळूच सांगितले. लॅपटॉपसाठी आईने साठवून दिलेले ३५ हजार रुपये त्याने बाजारात लावले होते. अकरा दिवसांत ते संपले.

“चूक कुठे झाली तेच कळत नाही, सर,” तो म्हणाला. “ते सांगायचे ते सगळं खरंच असायचं.”

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सांगितलेले सगळे खरे आणि तरीही ऐकणाऱ्याचा तोटा, हे कसे शक्य आहे? या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रात थोडेसे आहे. त्याहून जास्त ते आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो त्या गोष्टींत आहे : निरीक्षण, कारण आणि भाकीत यांतला फरक. म्हणून या विषयाला या पानांवर जागा आहे असे मला वाटते.

हवे तेव्हा ऐकण्याचा रेडिओ

पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर किंवा संगणकावर हवे तेव्हा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. २००१ साली ‘आयपॉड’ हे खिशात मावणारे यंत्र आले. त्याचे नाव आणि प्रक्षेपणासाठीचा इंग्रजी शब्द ‘ब्रॉडकास्ट’ यांची सांगड घालून बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रात ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द वापरला. यामागची युक्ती साधी आहे. कार्यक्रम करणारा एक यादी इंटरनेटवर ठेवतो. नवा भाग तयार झाला की यादीत एका ओळीची भर पडते. आपला फोन अधूनमधून ती यादी तपासतो आणि नवी ओळ दिसली की तो भाग उतरवून घेतो.

रेडिओ केंद्राला कंप्रता, परवाना, मनोरा, वेळापत्रक हे सगळे लागते. पॉडकास्टला यांतले काहीच लागत नाही. त्यामुळे उत्तम कार्यक्रम करणाऱ्यांची सोय झाली. ‘प्लॅनेट मनी’ या अमेरिकी कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ. मे २००८ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवर ‘द जायंट पूल ऑफ मनी’ नावाचा तासाभराचा भाग प्रसारित झाला. घरकर्जांचे संकट कसे निर्माण झाले, हे त्यात साखळीतल्या एकेका माणसाला भेटून उलगडले होते : कर्ज घेणारा, कर्ज मिळवून देणारा दलाल, ती कर्जे विकत घेणारी बँक, आणि त्या बँकेच्या रोख्यांत गुंतवलेले जगभरचे पैसे. त्यातूनच त्याच वर्षी ‘प्लॅनेट मनी’ सुरू झाला. २०१३ मध्ये या मंडळींनी स्वतःचा एक टी-शर्ट बनवून घेतला आणि त्याचा माग काढला. कापूस अमेरिकेचा, सूत इंडोनेशियात कातलेले, पुरुषांच्या सदऱ्याची शिलाई बांगलादेशात आणि स्त्रियांच्या सदऱ्याची कोलंबियात. जागतिक व्यापार म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला पाठ मिळणे कठीण.

परंतु परवाना लागत नाही याचा दुसरा अर्थ असा, की तपासणीचे काम ऐकणाऱ्यावर येते. आणि ऐकताना तपासणी करणे वाचण्यापेक्षा अवघड असते. वाचताना एखादे वाक्य खटकले तर आपण थांबतो, मागची ओळ पुन्हा पाहतो, आकडा आलेखाशी ताडतो. कानावरून वाक्य निघून जाते. बोलणाऱ्याचा आत्मविश्वास मात्र मागे उरतो.

तीन प्रकारची वाक्ये

बाजाराविषयीचा कोणताही कार्यक्रम दहा मिनिटे ऐका आणि वाक्ये वहीत उतरवून घ्या. बहुतेक सगळी वाक्ये तीन रकान्यांत बसतात :

१. काय घडले : “सेन्सेक्स आज ८०० अंशांनी घसरला.”

२. का घडले : “अमेरिकेत व्याजदर वाढण्याच्या भीतीने घसरला.”

३. काय घडेल : “येत्या आठवड्यात घसरण चालू राहील.”

तिन्ही वाक्ये एकाच आवाजात, एकाच वेगाने, एकामागून एक येतात. त्यामुळे तिन्ही सारखीच पक्की वाटतात. प्रत्यक्षात पहिले वाक्य मोजमाप आहे, दुसरे गृहीतक आहे आणि तिसरे भाकीत आहे. तिघांसाठी तीन वेगळ्या कसोट्या लागतात. माझा विद्यार्थी म्हणत होता त्यातले ‘खरे’ हे बहुतांशी पहिल्या रकान्यातले होते. पैसे मात्र त्याने तिसऱ्या रकान्यावर लावले.

पहिली कसोटी : कशाच्या मानाने?

मोजमापाच्या वाक्याची तपासणी सर्वांत सोपी. सेन्सेक्स हा मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक. १९७८-७९ हे आधारवर्ष धरून त्या वर्षाची पातळी १०० मानली आहे. निर्देशांक किती अंशांनी हलला याला स्वतंत्र अर्थ नसतो; तो मुळात कितीवर होता हे माहीत हवे.

दोन दिवसांची तुलना करू. हर्षद मेहता प्रकरण बाहेर आल्यावर २८ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ५७० अंशांनी पडला. लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, तो सुमारे ४,३९० अंशांनी पडला. दुसरी घसरण पहिलीच्या साडेसात पटींहून मोठी दिसते. पण टक्केवारी काढा : १९९२ ची घसरण १२.७७ टक्के, २०२४ ची ५.७४ टक्के. एक लाख रुपये गुंतवलेल्या माणसाचे पहिल्या वेळी सुमारे १२,७७० रुपये घटले असते, दुसऱ्या वेळी ५,७४०. सातवीतल्या शेकडेवारीच्या पाठाला हे जिवंत उदाहरण आहे. ‘आजवरची सर्वांत मोठी घसरण’ असे शब्द कानावर आले की मुलांनी लगेच विचारावे, “अंशांत की टक्क्यांत?”

दुसरी कसोटी : कारण उलटे करून पाहा

आता ‘का’कडे वळू. काही वेळा कारण खरोखर स्पष्ट असते. ४ जून २०२४ चेच पाहा. १ जूनच्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला मोठे बहुमत मिळेल असा अंदाज दिला. ३ जूनला, सोमवारी, बाजार उघडला आणि सेन्सेक्स सुमारे २,५०७ अंशांनी वाढून ७६,४६९ च्या आसपास बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीत आघाडीला बहुमत मिळत होते, पण अपेक्षेहून बरेच कमी. सेन्सेक्स ७२,०७९ वर आला. पुन्हा तीन दिवसांनी, ७ जूनला, तो ७६,६९३ वर होता. येथे बातमीची वेळ ठाऊक आहे, बातमी अनपेक्षित आहे आणि बाजाराची हालचाल तिच्या पाठोपाठ आहे. कारण मान्य करायला हरकत नाही.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट कळते. बाजार ‘चांगल्या’ किंवा ‘वाईट’ बातमीने हलत नाही. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाने हलतो. आघाडीला बहुमत मिळाले ही बातमी महिनाभर आधी कदाचित दिलासा ठरली असती. ३ जूनच्या अपेक्षेपुढे मात्र ती निराशा ठरली.

बहुतेक दिवस इतके स्पष्ट नसतात. तंत्रज्ञान, जागतिक राजकारण आणि बाजार हे तिन्ही ज्यात आले असा एक प्रसंग पाहू. २७ जानेवारी २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी चिप बनवणाऱ्या ‘एनव्हिडिया’ या अमेरिकी कंपनीचा शेअर सुमारे १७ टक्के पडला. कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात जवळजवळ ५९० अब्ज डॉलरने कमी झाले. एका दिवसात एका कंपनीची इतकी घट अमेरिकेच्या बाजारात तोवर झाली नव्हती. जगभरच्या कार्यक्रमांत कारण एकच सांगितले गेले : ‘डीपसीक’ या चिनी कंपनीने कमी खर्चात आणि कमी चिप वापरून चांगली प्रणाली तयार केली, म्हणजे आता चिपची मागणी घटणार.

कारण पटण्यासारखे आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने तारखा पाहाव्यात. डीपसीकची ‘आर-१’ ही प्रणाली २० जानेवारीला सर्वांसाठी खुली झाली होती. ज्या आधीच्या प्रणालीवर ती उभी होती, तिच्या प्रशिक्षणाच्या खर्चाचा गाजलेला छोटा आकडा तर डिसेंबर २०२४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. मग शेअर २१ जानेवारीला का पडला नाही? या दरम्यान डीपसीकचे मोबाइल ॲप अमेरिकेत मोफत ॲपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. म्हणजे कदाचित नवी माहिती हे कारण नसून जुन्या माहितीकडे गेलेले लक्ष हे कारण असेल. हे दुसरे गृहीतक झाले. ते पहिल्याहून वेगळे आहे आणि त्यावरून निघणारे निष्कर्षही वेगळे आहेत.

गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी काही जाणकार अगदी उलट युक्तिवाद करू लागले. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवून दिले होते, की वाफेची इंजिने कमी कोळशात जास्त काम करू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. इंजिन चालवणे स्वस्त झाल्यामुळे ती अधिक ठिकाणी बसवली गेली. तसेच कृत्रिम बुद्धिमत्ता स्वस्त झाली तर ती अधिक वापरली जाईल आणि चिपची मागणी वाढेल! जुलै २०२५ मध्ये याच एनव्हिडियाचे बाजारमूल्य ४ लाख कोटी डॉलरवर गेले. तिथवर पोहोचलेली ती पहिलीच कंपनी. यावरून दुसरे स्पष्टीकरण बरोबर आणि पहिले चूक असे मात्र सिद्ध होत नाही. एवढेच दिसते, की एकाच घटनेने भाव पडण्याचेही कारण देता येते आणि चढण्याचेही.

म्हणून दुसरी कसोटी अशी : “बाजार आज उलट दिशेला गेला असता, तर हेच कारण थोडे फिरवून सांगता आले असते का?” उत्तर ‘हो’ असेल, तर त्या कारणाने आपल्याला फारसे काही सांगितलेले नाही. जे गृहीतक कोणत्याही निकालाशी जुळते ते तपासताच येत नाही, हे आपण मुलांना फलज्योतिषाविषयी बोलताना सांगतोच.

वर्गात करून पाहा : नाण्याचा शेअर

हे तत्त्व सांगण्यापेक्षा करून दाखवावे. प्रत्येक मुलाला आलेखाचा कागद आणि एक नाणे द्या. ‘आमची शाळा उद्योग’ या काल्पनिक कंपनीच्या शेअरचा भाव १०० रुपये धरा. नाणे उडवा : छाप पडला तर एक रुपया वाढवा, काटा पडला तर एक कमी करा. असे ५० वेळा करून आलेख काढा.

मग आलेख सर्वांना दाखवा. कुठे ‘तेजीची लाट’ दिसेल, कुठे ‘कडेलोट’, कुठे ‘९५ रुपयांना भक्कम आधार’. ५० फेकींत एकाच बाजूचे सलग पाच वा अधिक दान किमान एकदा पडण्याची संभाव्यता सुमारे ८२ टक्के असते. म्हणजे दहांपैकी आठ वह्यांत अशी ‘लाट’ आपोआप दिसणार. मुलांना आधी अंदाज करायला सांगा. बहुतेक जण तो फार कमी करतात.

दुसरा टप्पा याहून मजेदार आहे. एक आलेख निवडा आणि त्याची उलटी प्रत काढा. जिथे भाव वाढला तिथे घटवा, जिथे घटला तिथे वाढवा. अर्ध्या वर्गाला मूळ आलेख द्या, अर्ध्याला उलटा. दोघांनाही त्याच पाच बातम्या द्या : पाऊस लांबला, तेल महागले, निवडणूक जाहीर झाली, रुपया घसरला, शेजारच्या देशात सरकार बदलले. प्रत्येक गटाने आपल्या आलेखाचे ‘विश्लेषण’ करून वाचून दाखवायचे. दोन्ही विश्लेषणे सारखीच पटणारी निघतात. वर्ग हसतो; आणि मुद्दा सांगावा लागत नाही.

हा प्रयोग विद्वानांनीही केलेला आहे. शिकागो विद्यापीठातील हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ साली निव्वळ यादृच्छिक संख्यांवरून आलेख काढले. ते शेअर निर्देशांकाच्या खऱ्या आलेखांसारखेच दिसत होते. त्याआधी १९५३ मध्ये मॉरिस केंडल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने शेअर, कापूस आणि गहू यांच्या भावांची मालिका तपासली. मागच्या आठवड्याच्या हालचालीवरून पुढच्या आठवड्याची हालचाल सांगता येईल असा क्रम त्याला जवळजवळ सापडला नाही. आणि या सर्वांच्या आधी, १९०० साली, लुई बाशलिए या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसच्या बाजारातील भावांसाठी यादृच्छिक चालीचे गणित मांडले होते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या ब्राउनी गतीसाठी आइन्स्टाइनने तशाच स्वरूपाचे गणित १९०५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनंतर प्रसिद्ध केले.

शेअर बाजार म्हणजे नाणेफेक असा याचा अर्थ नव्हे. बनवा मांडेलब्रोट यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांवरून दाखवले, की मोठ्या उसळ्या आणि मोठ्या पडझडी या साध्या नमुन्यात बसतील त्याहून बऱ्याच वेळा होतात. दीर्घ काळात कंपन्यांच्या नफ्याचाही परिणाम दिसतो. नाण्याचा उपयोग तुलनेसाठी आहे. एखाद्या दिवसाची हालचाल निव्वळ योगायोगानेही तेवढी होऊ शकत असेल, तर तिला खास कारण शोधण्याची गरज आहे का, हे आधी विचारावे. पण ‘आज बाजार विनाकारण थोडासा हलला’ एवढ्यावर कोणताही कार्यक्रम अर्धा तास चालत नाही. म्हणून कारण शोधलेच जाते.

मोठ्या हालचालींमागेही तेवढीच मोठी बातमी असते असे नाही. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्या आकाराची बातमी त्या दिवशी नव्हती. रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञाने लगेच गुंतवणूकदारांना प्रश्नावली पाठवली. उत्तरांतून असे दिसले, की लोक मुख्यतः भाव पडत आहेत हे पाहूनच विकत होते. गर्दीत एक जण पळू लागला की सगळे पळतात, तसा हा प्रकार.

तिसरी कसोटी : नोंद कुठे आहे?

भाकिताकडे वळण्याआधी एक शंका. हवामानशास्त्र पावसाचा अंदाज देते, मग बाजाराचा का देता येऊ नये? फरक असा, की ‘उद्या पाऊस’ असे सांगितल्याने ढग आपला बेत बदलत नाहीत; माणसे बदलतात. समजा, दिवाळीनंतर कांदा महाग होणार हे लासलगावच्या बाजार समितीत येणाऱ्या प्रत्येकाला पक्के ठाऊक झाले. मग चाळीत कांदा असलेला शेतकरी आज कमी भावात विकेल का? तो माल थांबवील, व्यापारी आजच जास्त घ्यायला जाईल आणि भाव आजच चढेल. जी गोष्ट सर्वांना कळली ती भावात आधीच मिसळली. हजारो लोक एकाच वेळी ऐकत असलेल्या कार्यक्रमातून ‘पुढे काय होणार’ हे कळून आपला फायदा व्हावा, ही अपेक्षा याच कारणाने फोल असते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. त्याने ऐकलेले खरे होते. पण ते त्याच्या आधी बाजाराने ऐकले होते.

तज्ज्ञांच्या भाकितांची पद्धतशीर नोंद ठेवली तर काय दिसते? फिलिप टेटलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सुमारे वीस वर्षे हे काम केले. राजकारण आणि अर्थकारणावर मत देणाऱ्या २८४ तज्ज्ञांकडून त्याने ८२ हजारांवर भाकिते संभाव्यतेच्या आकड्यांत घेतली आणि निकाल लागेपर्यंत वाट पाहिली. २००५ मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. ‘आजवर चालले तसेच पुढे चालेल’ अशा साध्या नियमांना मागे टाकणे सर्वसाधारण तज्ज्ञाला जमले नव्हते; आणि प्रसिद्धी जितकी जास्त तितकी अचूकता कमी, असाही कल दिसला. कारण समजण्यासारखे आहे. एकाच मोठ्या कल्पनेने जग समजावून सांगणारा माणूस ऐकायला रंगतदार असतो. ‘एका बाजूने असे, पण दुसऱ्या बाजूने तसे’ म्हणणारा अधिक वेळा बरोबर ठरतो, पण त्याला पुन्हा बोलावले जात नाही.

हे निराश होण्यासाठी सांगत नाही. भाकीत सुधारता येते. त्यासाठी नोंद आणि मोजणी हवी. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० साली सुचवलेली पद्धत दहावीच्या मुलालाही जमेल. संभाव्यता दशांशात लिहा. घटना घडली तर १, न घडली तर ०. दोहोंतील फरकाचा वर्ग म्हणजे चुकीचे गुण. ‘उद्या पावसाची शक्यता ८० टक्के’ म्हटले आणि पाऊस पडला, तर (०.८ – १)² = ०.०४. पडला नाही, तर (०.८ – ०)² = ०.६४. नेहमी ‘पन्नास टक्के’ म्हणत राहणाऱ्याला दर वेळी ०.२५ गुण मिळतात. ज्याची सरासरी ०.२५ पेक्षा जास्त, त्याच्यापेक्षा काहीच न सांगणारा बरा! मुलांनी पावसाळ्यात महिनाभर हवामान खात्याचे आणि स्वतःचे अंदाज असे तपासावेत.

आणि ज्याने सलग दहा वेळा बरोबर सांगितले, त्याचे काय? समजा, एकाने १,०२४ जणांना संदेश पाठवले. निम्म्यांना कळवले ‘उद्या बाजार वर’, निम्म्यांना ‘उद्या खाली’. दुसऱ्या दिवशी ज्यांच्यापुढे चूक ठरला त्यांना सोडून दिले आणि उरलेल्या ५१२ जणांची पुन्हा अशीच विभागणी केली. दहा दिवसांनी एक जण असा उरतो, ज्याने सलग दहा अचूक भाकिते पाहिली आहेत. त्याला हा माणूस देवासारखा वाटेल. मुद्दाम फसवले नाही तरी असेच घडते : हजारो लोक भाकिते करतात, योगायोगाने काहींची जुळतात, आणि जुळलेल्यांचाच आवाज आपल्यापर्यंत येतो. वर्गात साठ मुलांना उभे करा, छाप की काटा ते ठरवायला सांगा, नाणे उडवा, चुकलेल्यांना बसवा. पाच-सहा फेऱ्यांनंतर उभ्या राहिलेल्या एकदोघांना त्यांच्या ‘यशाचे रहस्य’ विचारा.

पैसे कुठे गेले?

माझ्या विद्यार्थ्याने शेअर विकत घेतले नव्हते. ‘ऑप्शन’ घेतले होते. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क म्हणजे ऑप्शन. निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष देवघेव होत नाही. फरकाची रक्कम मिळते. मुदतीत भाव अपेक्षित दिशेला पुरेसा गेला नाही, तर हक्काची किंमत शून्य होते. चांगल्या कंपनीचा शेअर घसरला तर थांबता येते. ऑप्शन घेणाऱ्याला दिशा आणि वेळ दोन्ही बरोबर सांगावे लागते. शिवाय या व्यवहारात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, आणि दोघांकडून दलाली व कर कापले जातात. म्हणजे सर्वांची बेरीज शून्याच्याही खाली.

शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये यासंबंधीचे आकडे प्रसिद्ध केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. तोटा झालेल्यांचे खर्चासह सरासरी सुमारे दोन लाख रुपये गेले. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त होता. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे केवळ एक टक्का. आणि शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आकडा : यात उतरलेल्यांमध्ये तिशीच्या आतल्यांचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते, ते पुढच्या एका वर्षात ४३ टक्के झाले. ही आपल्याच वर्गातून गेलेली मुले आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केले, की केवळ ‘शिक्षण’ देतो म्हणणाऱ्यांनी शिकवताना गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत. नियमामागचा विचार वर आला तोच आहे. बाजार कसा चालतो हे समजावण्यासाठी जुने उदाहरण पुरते. आजचा भाव घेऊन शिकवणारा बहुधा भाकीत विकत असतो.

तीन रकान्यांची वही

मग मुलांना असे कार्यक्रम ऐकू नका म्हणायचे का? मुळीच नाही. सुएझ कालव्यात २०२१ च्या मार्चमध्ये एक जहाज सहा दिवस अडकले, तर युरोपातल्या कारखान्यांचा माल का रखडला. व्याजदर वाढला की घरकर्जाचा हप्ता कसा बदलतो. एक चिप बनवायला किती देश लागतात. हे सगळे कार्यकारणाच्या दुव्यांसह सांगणारे कार्यक्रम भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्राला उत्तम जोड देतात. ऐकावे जरूर, पण वही घेऊन ऐकावे.

वहीला तीन रकाने आखायचे : काय घडले, का घडले, काय घडेल. पहिल्या रकान्यापुढे टक्केवारी काढायची. दुसऱ्यापुढे कारण उलटे करून पाहायचे. तिसऱ्यापुढे तारीख घालायची आणि ती तारीख आल्यावर वही उघडायची. बोलणाऱ्याला पैसे कोण देतो, मधल्या जाहिराती कुणाच्या आहेत, हे समासात लिहून ठेवावे.

तो विद्यार्थी सध्या शनिवार-रविवारी एका दुकानात हिशेबाचे काम करतो आणि लॅपटॉपचे पैसे पुन्हा जमवतो आहे. एसटीत पॉडकास्ट अजून ऐकतो. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने वही दाखवली. आवडत्या कार्यक्रमातली दोन महिन्यांची भाकिते त्याने लिहून ठेवली होती. एकूण ४१, त्यांतली २० बरोबर.

“सर,” तो म्हणाला, “नाण्यानं याहून एखादं जास्तच बरोबर सांगितलं असतं.”